बोरिवली की बेळगाव

माझी मुलगी राहते कुठे, एवढ्या एका प्रश्नात माझी दोन वर्षं गेली. ती आईजवळ राहावी की बापाजवळ, हा प्रश्न वेगळाच. त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. आधी फक्त हे ठरायचं होतं की तिच्याबद्दल ठरवायचं कोणी, वांद्र्याच्या कोर्टानं की बेळगावच्या.

आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी सुपरवायझर आहे. ऑफिस अंधेरीला, पण दिवस जातो लोकांच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. घरात तेव्हा आम्ही चौघं होतो, मी, माझी आई, बायको आणि मुलगी. बायको बेळगावची. मराठीच, पण माहेर कर्नाटकात. लग्नाच्या वेळी कोणाच्या मनातही आलं नाही की ही दोन वेगळी राज्यं आहेत. गाडीत बसलं की बेळगाव येतं, एवढंच आम्हाला माहीत.

मुलीची पहिलीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. बायको मुलीला घेऊन बेळगावला गेली. जायलाच हवं होतं. मीच गाडीत बसवून दिलं. पण त्याआधीचं वर्षभर आमचं फारसं बरं चाललं नव्हतं, हेही खरं. एका बेडरूमच्या घरात चार माणसं, तिची सुटलेली शिकवण्याची नोकरी, रविवारीसुद्धा कोणाची तरी लिफ्ट अडकली म्हणून निघून जाणारा मी. भांडणाला रोज नवं कारण शोधावं लागत नव्हतं.

मे संपत आला तरी परत यायचं नाव नाही. शेवटी तिचाच फोन आला.

"आई अजून उठून बसत नाही. इथल्या कॉलेजात मला शिकवायला बोलावलंय. मी हिचं नाव इथल्या शाळेत घातलंय."

"घातलंय म्हणजे? मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नको म्हणालो असतो."

"मग?"

मी फोन ठेवला. मुलीच्या बोरिवलीच्या शाळेत गेलो तर तिथे कळलं की दाखला कधीच देऊन टाकलाय, आईची सही पुरते म्हणे. मी काउंटरवर विचारलं, "आणि बापाची?" आतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, तुमच्या घरातलं तुम्ही बघा ना."

मग फोनवर आरडाओरडा झाला, मग फोन उचलेनासे झाले, आणि मग एका मित्राच्या ओळखीनं मी एका वकीलबाईंकडे पोचलो. स्टेशनजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. खालून तळणीचा वास यायचा. आजही कुठे कोणी जिलेबी तळत असलं की मला तारीख आठवते.

बाई हुशार होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "मुलाच्या ताब्याची केस कुठे चालणार, तर मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. कायद्यात एवढंच आहे."

"मग झालं तर. जन्मापासून बोरिवलीत राहिलीये. इथलीच शाळा, इथलाच डॉक्टर."

"हो. पण तिकडून म्हणणार, ती आता बेळगावला राहते. म्हणून आपण आधी केस टाकू. आधी टाकलेली बरी."

आम्ही वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात केस टाकली. तिला नोटीस गेली. ती मिळाल्यावर काही दिवसांतच बेळगावच्या कोर्टाची नोटीस माझ्या दारात. तिनं तिथे केस टाकली होती. म्हणजे वांद्र्यात मी अर्जदार आणि ती सामनेवाली, बेळगावात ती अर्जदार आणि मी सामनेवाला. वांद्र्यात तिचा वकील उभा राहून सांगायचा की या कोर्टाला ही केस चालवायचा अधिकारच नाही, मुलगी बेळगावला राहते. बेळगावात माझा वकील उभा राहून हुबेहूब तेच सांगायचा, फक्त गावाचं नाव बदलून. दोन्हीकडे मुद्दा एकच, दोन्हीकडे फी वेगळी.

मला वाटलं होतं, हे होईल तेव्हा होईल, तोवर मुलीला भेटायला तरी मिळेल. वकीलबाईंनी तसा अर्ज केला. वांद्र्याच्या कोर्टानं म्हटलं, आधी अधिकारक्षेत्राचा आक्षेप ऐकू, मग भेटीचं बघू. तारीख पडली. मग मी बेळगावच्या वकिलांना म्हटलं, निदान तिथे तरी भेट मागा. ते म्हातारे गृहस्थ, फोनवर अगदी शांतपणे म्हणाले, "मागू की. पण साहेब, इथं भेट मागितली म्हणजे हे कोर्ट तुम्ही मानलं, असं होतंय. मग वांद्र्याचं सोडून द्यायचं काय?"

"मला कोर्ट नकोय हो. मला मुलगी भेटायला हवीये."

"होय की," ते म्हणाले. एवढंच.

वांद्र्याच्या कोर्टात एक मुलांची खोली आहे. खेळणी, रंगवलेल्या भिंती. ज्यांना भेटीचा हुकूम मिळालेला असतो ते आईबाप तिथे मुलांना भेटतात. तारखेला ताटकळत बसलो होतो तेव्हा एका बापाला मी पाहिलं. त्याचा मुलगा त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हता, ठोकळे रचत होता, आणि बाप शेजारी मांडी घालून ठोकळे देत होता. इतर कुठल्याही दिवशी मला त्या माणसाची दया आली असती. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला. त्याचं कोर्ट तरी ठरलं होतं.

नोव्हेंबरात मुलीचा वाढदिवस. आईनं मालवणहून येणाऱ्या कोणाकडून तरी खाजा मागवला होता, नातीला आवडतो म्हणून. एक फ्रॉक घेतला होता. मी डबा बांधून पत्ता लिहायला बसलो आणि सहज म्हणून वकीलबाईंना फोनवर सांगितलं.

"बेळगावच्या पत्त्यावर?" त्या म्हणाल्या. "नको. अजिबात पाठवू नका."

"का?"

"पावती होईल ना. उद्या ते कोर्टात दाखवतील, बघा, बापानंच मान्य केलंय मुलगी इथे राहते."

"खाजा आहे हो मॅडम."

"ते मला कळतंय. कोर्टाला पार्सल दिसतं."

आईला हे सांगितल्यावर तिनं बांधलेला डबा परत सोडला. मग म्हणाली, "नातीक खाजा धाडूक कोर्टाचो हुकूम व्हयो? खयचो रे ह्यो कायदो?" खाजा आम्ही दोघांनी संपवला. गूळ दाताला चिकटत होता आणि दोघंही एकमेकांकडे न बघता खात होतो.

फोनचंही तेच. बोलणं रेकॉर्ड होईल, तोंडातून काहीतरी निघेल आणि ते कोर्टात येईल, म्हणून बोलू नका. पुढे मला कळलं की तिकडेही हेच चाललं होतं. सुट्टीत मुलीला आठ दिवस बोरिवलीला पाठवू का, असं बायकोनं तिच्या वकिलाला विचारलं होतं. तो म्हणाला, एकदा तिकडे गेली की परत पाठवणार नाहीत, आणि वर म्हणतील मुलगी इथेच राहते. म्हणजे दोन्ही वकिलांचं यावर एकमत होतं की बापलेकीनं एकमेकांना भेटू नये. बाकी कशावरच त्यांचं एकमत नव्हतं.

जानेवारीत माझी सहनशक्ती संपली. कारण काहीच नव्हतं. मालाडला एका सोसायटीत लिफ्टच्या दारात एक छोटी मुलगी दप्तर घेऊन उभी होती, तिनं विचारलं, "काका, कधी चालू होणार?" बस्स. मी ऑफिसला फोन करून सांगितलं, उद्या येत नाही. साहेब म्हणाले, "परत तारीख?" मी हो म्हटलं. वकीलबाईंना काही बोललो नाही.

बेळगावला शाळा कुठली ते मला माहीत होतं. त्यांच्याच कागदांत लिहिलेलं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं सासरे स्कूटरवरून आले. निवृत्त शिक्षक, कायम पांढरा शर्ट. मला बघून स्कूटर बंद करायचंच विसरले. मला वाटलं, आता हे ओरडणार.

"कधी आलासा?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच."

"जेवलासा काय?"

"बाबा, मी फक्त तिला बघून जातो. भांडायला आलेलो नाही."

"ते दिसतंय की." त्यांनी स्कूटर बंद केली. "असं फाटकात उभं राहून काय बघणार? घराकडं चला. वकील काय म्हणायचं ते म्हणू देत."

तेवढ्यात ती आली. उंच झाली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. आमच्याकडे कधी वेण्या नव्हत्या, केस बारीकच कापायचो. ती मैत्रिणीशी बोलत बोलत येत होती, मला बघून थबकली, मग पळत येऊन कमरेला बिलगली. मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली.

"पप्पा, तू कवा आलास? मी खोखोत हाय. रोज खेळूलालोय. उद्या पण खेळायला जाऊलालोय, तू बघायला येणार?"

खेळूलालोय. बोरिवलीत ती 'मी खेळतेय' म्हणायची. तिकडच्या बायका, मुली स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, मी आलो, मी गेलो. बायकोही माहेरच्या फोनवर तशीच बोलायची आणि मी तिला चिडवायचो. आता मुलगी तशी बोलत होती, आणि ते तिच्या तोंडात इतकं सहज बसलेलं होतं की हे तिला नवीन आहे, असं कोणी म्हटलंच नसतं. वांद्र्याच्या कोर्टात तेव्हा माझ्या अर्जात लिहिलेलं होतं की मुलगी आजीच्या आजारपणासाठी तात्पुरती गेली आहे. मी तिचा हात धरून स्कूटरच्या मागे चालत होतो आणि मला कळत होतं की हे वाक्य जुनं झालंय. आम्ही भांडत बसलो आणि मधल्या वेळात ती राहायला लागली.

घरी सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. एक हात हलत नव्हता. दुसऱ्यानं त्यांनी मला जवळ बोलावलं, डोक्यावरून फिरवला. सासऱ्यांनी स्वतः चहा केला. मुलगी मला तिच्या वह्या, चित्रं, एक मांजराचं पिल्लू, असं एकामागून एक दाखवत होती, जणू मी कालच गेलो होतो.

संध्याकाळी बायको कॉलेजातून आली. दारातच थांबली.

"कोणाला विचारून आलास?"

"कोणाला विचारायचं ते ठरेपर्यंत मुलगी दहावीला जाईल."

"केस तू आधी टाकलीस."

"तू फोन उचलत नव्हतीस."

"तू ओरडत होतास म्हणून उचलत नव्हते."

सासरे आतून म्हणाले, "चहा घेणार काय?" कोणाला म्हणाले कळलं नाही, पण भांडण तिथेच थांबलं. तिचे डोळे दमलेले दिसत होते. कॉलेज, आईचं सगळं करणं, मुलगी, आणि मधूनमधून वांद्र्याच्या तारखेसाठी प्रवास. ती अशी दमलेली असेल, हे माझ्या अर्जात कुठे नव्हतं. मी त्याच संध्याकाळी परत निघालो. फाटकापर्यंत ती आली, एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी सांगून ये."

मला वाटलं, काहीतरी सैल झालं.

पुढच्या तारखेला तिच्या वकिलानं वांद्र्यात नवं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात लिहिलेलं, अर्जदार स्वतः बेळगाव येथे अल्पवयीन मुलीच्या राहत्या घरी येऊन तिला भेटून गेले, यावरून तिचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण बेळगाव असल्याचं त्यांना मान्य आहे.

वकीलबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी सांगितलं होतं."

"मी माझ्या मुलीला भेटलो, मॅडम."

"भेटलात ना. वाट लागली आपली."

मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून बायकोला फोन लावला. उचलला. "मी चहा प्यायलो ते पण लिहायचं होतंस," मी म्हटलं. ती म्हणाली, "वकिलानं विचारलं, इतक्यात भेट झाली का. मी खरं सांगितलं. तो असं लिहील ते मला काय माहीत?" माझा तिच्यावर विश्वास बसला, आणि त्यानं राग आणखीच वाढला. निदान ती खोटं बोलली असती तर रागाला धरायला काहीतरी मिळालं असतं.

त्यानंतर प्रकरण दिल्लीला गेलं. एका राज्यातली केस दुसऱ्या राज्यात हलवायची तर ते सुप्रीम कोर्टच करू शकतं. तिनं तिथे अर्ज केला की वांद्र्याची केस बेळगावला पाठवा, आजारी आई आणि लहान मुलगी सोडून तिला मुंबईच्या खेपा जमत नाहीत. तो निकाल लागेपर्यंत वांद्र्याचं कामकाज थांबलं. बेळगावचं कोर्ट म्हणालं, दिल्लीचं काय होतंय ते बघू. आता तीन कोर्टं होती आणि तिन्ही एकमेकांकडे बघत होती. मला दिल्लीतही एक वकील करावा लागला, ज्याचा चेहरा मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

निकालाच्या दिवशी मी अंधेरीच्या एका टॉवरच्या मशीनरूममध्ये होतो. दिल्लीच्या वकिलानं लिंक पाठवली होती. मोटारीच्या घरघरीत, मोबाईल भिंतीला टेकवून मी बघत होतो. खूप वेळ दुसऱ्यांच्याच केसेस. मग आमचा नंबर आला, माझा वकील उभा राहिला, "माय लॉर्ड्स" म्हणाला आणि चित्र तिथेच थिजलं. त्याचं तोंड उघडं. मी मोबाईल हलवला, गच्चीवर पळत गेलो, टाकीवर चढलो. चित्र परत आलं तेव्हा दुसरीच कोणाची केस चालू होती. नंतर मेसेज आला. केस बेळगावला वर्ग झाली.

टाकीच्या कठड्यावर मी बसून राहिलो. हरलो होतो, पण हरल्यासारखं वाटत नव्हतं. कंटाळा आला होता. सगळ्याचाच. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला. आता एकच गाव तरी रवला."

आणि खरंच, बेळगावला गेल्यावर जे झालं ते इतकं साधं होतं की मला त्याचाच जास्त राग आला. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी आम्हाला मध्यस्थीसाठी पाठवलं. एका खोलीत टेबल, पंखा, आणि मध्यस्थ म्हणून एक वयस्कर बाई. त्यांनी दोन्ही वकिलांना बाहेर बसायला सांगितलं. मग आम्हाला विचारलं, "मुलीला काय लागतं ते सांगा. तुम्हाला काय लागतं ते नंतर."

दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघंही एकदम बोलायला लागलो आणि एकदम थांबलो. मग बायको म्हणाली, "तिला आजी लागते. दोन्ही." आणि रडली. मी म्हटलं, मला तिला बोरिवलीला ओढून न्यायचं नाही. शाळा, खोखो, सगळं इथे आहे, ते मी बघितलंय. पण मला पाहुण्यासारखं यायचं नाही आणि परवानगी मागत बसायचं नाही. ती म्हणाली, "परवानगी मी कधी मागायला लावली? वकिलांनी लावली." मी म्हटलं, "वकील आपणच केले." त्यावर ती पहिल्यांदा किंचित हसली.

आमचं लग्न त्या खोलीत जोडलं गेलं नाही, हे सांगून टाकतो. ते आम्ही दोघांनीही मागितलं नाही. पण मुलीचं ठरलं. शाळेच्या दिवसांत बेळगाव. रोज संध्याकाळी फोन. मला हवं तेव्हा दोन दिवस आधी कळवून यायचं. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी बोरिवलीला. न्यायाधीशांनी तसा हुकूम केला, वांद्र्याहून आलेली केस आणि तिथली केस, दोन्ही एकदम मिटल्या. बाहेर आल्यावर माझे म्हातारे वकील म्हणाले, "झालं बघा." जणू काल सकाळीच सुरू झालं होतं.

सप्टेंबरात बायकोचा फोन आला. मी दिवाळीची रजा आधीच टाकून ठेवली होती, आईनं चकलीची भाजणी दळायला दिली होती.

"तू ऑर्डर नीट वाचलीस का रे?"

"आता काय?"

"दिवाळीची सुट्टी लिहिलंय. इथे दिवाळीला शाळेला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. मोठी सुट्टी दसऱ्याला असते."

मी कपाळाला हात लावला. दोन वकील, एक मध्यस्थ, एक न्यायाधीश, आणि आम्ही दोघं. आम्हाला मुंबईच्या शाळांची सवय, म्हणून मी दिवाळी म्हटलं, ती हो म्हणाली, लिहिणाऱ्यानं लिहिलं. मी म्हटलं, "मग आता? दुरुस्तीचा अर्ज?"

"म्हणजे परत तारीख."

मी कॅलेंडर काढून दसरा कधी आहे ते बघितलं.

"दसऱ्याला ये घ्यायला," ती म्हणाली. "कोर्टाला कशाला सांगायचं?"

मी दसऱ्याला गेलो आणि मुलीला घेऊन आलो. तिची आई रोज फोन करते, केस विंचरलेस का, दूध प्यायली का, आणि अभ्यास घेतोस का. अभ्यास म्हणजे सुट्टीचा कन्नडचा गृहपाठ, दोन पानं रोज. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मोबाईलवर व्हिडिओ लावून मी आधी स्वतः शिकतो, मग तिला लिहायला सांगतो. काल संध्याकाळी तिनं माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"तू सोड पप्पा," ती म्हणाली. "तुला येईना. मीच लिहितो."